बनूच्या अंगणातून दिसणारं शेत

सावित्रीच्या खोऱ्यात, महाडकडून पोलादपूरला जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की ओढ्याच्या दोन अंगांना एक वाडी लागते. तिथल्या राहीबाईचं कुणाशी वाकडं नव्हतं. सासूची सेवा तिनं तोंड वर न करता केली, दीर-नणंदांना कधी उणं बोलली नाही, नवरा कुशाबा तर इतका गरीब की त्याच्याशी भांडायचं म्हटलं तरी दुसरा कुणी शोधावा लागला असता. तिला आयुष्यात दुखणं एकच होतं, आणि त्या दुखण्याचं नाव बनुबाई.

दोघी शिवथरच्या. एका आळीतल्या, एका वयाच्या, एका पाणंदीनं मोळ्या आणणाऱ्या. बनूचं लग्न आधी झालं आणि ती या वाडीत आली. वर्षभरानं राहीलाही नेमकं याच वाडीतलं स्थळ सांगून आलं. सगळं शिवथर म्हणालं, काय नशीब पोरीचं, सासरी मैत्रीण आहे! निघताना राही ढसाढसा रडली. बायकांना वाटलं माहेर सुटतं म्हणून रडते. तिला रडू आलं होतं ते बनूचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि आपला नुसता भातशेतीवर, म्हणून.

नशिबानं घरंही समोरासमोर दिली. ओढ्याच्या पलीकडे उंचवट्यावर बनूचं घर, पुढं सारवलेलं लखलखीत अंगण. अलीकडे राहीबाईचं घर, आणि मधल्या उतारावर, ओढ्याच्या अलीकडेच, दोघींची भातखाचरं बांधाला बांध लागून. बनूच्या अंगणातून राहीची पुढची सारी खाचरं दिसायची, आणि राहीच्या पडवीतून बनूचं सारं आयुष्य. बनूच्या गाईला कालवड झाली की राहीला दोन घास कमी जायचे. महिपत, म्हणजे बनूचा नवरा, गणपतीला मुंबईहून लुगडं घेऊन आला की राही आठ दिवस त्या लुगड्याचा रंग कसा विटका आहे ते घरात सांगत बसे. कुशाबा नुसता हं म्हणे.

एका गोष्टीत मात्र बनू तिच्या पासंगालाही पुरत नव्हती. ती गोष्ट म्हणजे राब.

भाताचं रोप जिथं तयार करायचं ती जमीन उन्हाळ्यात भाजून घ्यायची, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर गवत आणि पातेरा, सर्वांत वर बारीक मातीची चादर. मग पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूनं. भडका उडाला की राब फुकट गेला. तो आतल्या आत धुमसत जायला हवा. हे काम सगळेच करत, पण राहीबाईचा राब बघायला बायका मुद्दाम यायच्या. शिवाय चुलीतली राख ती वर्षभर साठवून ठेवी आणि लावणीआधी खाचरात पसरी. तिचं भात कधी फार उंच, फार गर्द दिसलं नाही. दिसायला बेताचं, पण काडी अशी ताठ की आडव्यातिडव्या पावसातही लोळायची नाही.

आणि म्हणूनच गावदेवीचं नवं दर वर्षी राहीच्या शेतातून निघे. त्या वाडीची रीतच तशी होती. नवरात्रात घट बसायच्या आधी गावकरी शेतं फिरून बघत आणि ज्याचं भात सर्वांत भरलेलं, त्याच्या खाचरातल्या पाच लोंब्या देवीच्या दारावर चढत. त्या लोंब्या कापायच्या घरच्या सवाशिणीनं. कापण्याआधी समोरच्या घरच्या सवाशिणीनं तिला हळदकुंकू लावायचं. म्हणजे राहीला बनूनं. वर्षातून एकदा बनू तिच्यासमोर करंडा घेऊन उभी राहायची, आणि त्या एका दिवसावर राही उरलेलं वर्ष काढायची.

तर असा सगळा हिशेब बरोबर चालला असताना महिपत गिरणी सोडून कायमचा घरी आला.

मुंबईचं पाणी प्यायलेला माणूस. वाडीत आल्या आल्या त्यानं सगळ्यांची शेती चुकते आहे असं ठरवून टाकलं. त्याच सुमाराला महाडहून शेतकी खात्याचा एक तरुण मदतनीस, श्रीधर नावाचा, सायकल ढकलत वाड्या-वाड्यांतून हिंडायला लागला होता. त्यानं देवळापुढं बसून लोकांना नव्या खताची माहिती दिली. पांढरं, खडीसाखर कुटल्यासारखं खत. लोक त्याला मीठच म्हणू लागले.

"हे खत चांगलं आहे," श्रीधर म्हणाला, "पण बेतानं द्यायचं. तीन हप्त्यांत, थोडं थोडं. आणि राब, राख, शेणखत यातलं काही सोडायचं नाही. नुसतं हेच दिलंत तर पाला माजेल."

"थोडं थोडं कशाला सायेब?" महिपत म्हणाला. "डबल मारतो. एकदम फर्स्टक्लास! आनि राब-बिब आता बंद. मुलूख कुठच्या कुठं गेला, आमी अजून धूर खातोय."

हे ऐकून राहीबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. राब बंद म्हणजे तिच्या एकुलत्या एक मोठेपणावरच पाणी. तरी ती मनात म्हणाली, घाल बाबा मीठ, बघू या काय पिकतं.

लावणी झाली, आणि श्रावण लागेस्तोवर जे पिकायचं ते दिसायला लागलं. बनूची खाचरं काळीभोर हिरवी झाली. पातं रुंद, लांब, वाऱ्यावर लवलवणारं. शेजारी राहीची खाचरं फिक्कट, जशी दर वर्षी असायची तशीच. पण शेजारी काळोखी हिरवळ असल्यावर ती आजाऱ्यासारखी दिसू लागली. वाटेनं जाणारा जो तो बनूच्या बांधाशी थांबे. राहीच्या बांधाशी आता कोण थांबणार?

बनूचं मन वाईट नव्हतं, हे सांगायलाच हवं. ती आपण होऊन ओढा ओलांडून आली.

"राहे, गोणीत हाय अजून. टोपलीभर नेतेस का? तुजं भात जरा उपाशी दिसतंय."

उपाशी! तोच शब्द लागला. राहीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नको गो बाय," ती गोड हसून म्हणाली. "आमच्या राबाला काय धाड भरलीय? तुमास लागंल ते."

बनू गेली. राहीनं त्या दिवशी भाकऱ्या करपवल्या आणि कुशाबानं त्या मुकाट्यानं खाल्ल्या. पुढचे काही दिवस तिला दुसरं काही सुचेना. नवं यंदा बनूच्या शेतातून निघणार. बनू विळा धरून उभी राहणार आणि आपण करंडा घेऊन तिच्या कपाळाला कुंकू लावणार. हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मागितलं तर बनू टोपलीभर मीठ आताही देईल, हे तिला ठाऊक होतं. पण मागायचं कसं? मागण्यापेक्षा चोरणं तिला सोपं वाटलं. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो बघा, सरळ वाट समोर असताना आडवाट धरायला लावतो.

धो धो पावसाच्या एका दुपारी महिपत पोलादपूरला गेला होता आणि बनू ओढ्याच्या वरच्या अंगाला गुरांमागं होती. राहीबाई डोक्यावर इरलं घेऊन बनूच्या पडवीत शिरली. गोणी तोंड उघडून उभीच होती. तिनं टोपली भरली, इरल्याखाली धरली आणि तशीच शेतात उतरली. इरलं पानांचं, तेही जुनं; ठिबकत होतंच. पाण्यानं मीठ ओलं झालं, त्याचे गोळे झाले. सुकं असतं तर भुरभुरत पसरलं असतं. आता मूठ टाकली की गोळाच पडायचा. पसरून टाकायला वेळ कुणाला होता? उरकायचं, एवढंच तिच्या मनात.

पुढची खाचरं झाली तरी टोपलीत उरलं होतं. टेकाडामागं तिचं आणखी एक खाचर होतं, लहानसं, ओढ्याच्या वळणावर. राही तिकडं निघाली आणि चार पावलांत थांबली. त्या खाचरात टाकून काय उपयोग? मध्ये टेकाड. बनूच्या अंगणातून ते दिसतच नव्हतं. तिनं उरलेलं मीठही पुढच्या खाचरांतच दुसऱ्यांदा टाकलं आणि टोपली ओढ्यात धुऊन टाकली.

आठवड्या-पंधरवड्यात राहीच्या खाचरांनीही रंग धरला. लोक पुन्हा तिच्या बांधाशी थांबू लागले.

"काय केलंस गो राहे?" बायका विचारत.

"राख," राही म्हणे. "दुसरं काय करणार आमी गरीब?"

कुशाबा बांधावर उकिडवा बसून बराच वेळ शेत बघत राहिला. "ठिपके ठिपके दिसतात," तो म्हणाला.

"दिष्ट नका लावू," राही म्हणाली. तो उठून गेला.

खरंच ठिपके होते. जिथं गोळा पडला तिथले रोपांचे चुडे काळेभोर आणि हातभर उंच, मधले फिक्के. लांबून सगळं एक हिरवं दिसे. जवळ गेलं की कळे. पण राहीला जवळून बघायचं नव्हतंच. ती सकाळी पडवीत उभी राहून आपलं शेत बघण्याऐवजी बनूच्या अंगणाकडं बघे, बनू आपल्या शेताकडं बघते का ते. आणि बनू बघायची. हात कमरेवर ठेवून बराच वेळ बघायची. राहीला त्या दिवसांत झोप छान लागायची.

भाद्रपदात भात पोटरीला आलं, लोंबी पोटात धरली. संध्याकाळच्या उजेडात पतंगासारख्या पिवळसर बारीक पाकोळ्या खाचरांवर तरंगताना दिसू लागल्या. दर वर्षी दिसत, त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. महिपतनं उलट गोणीत उरलेलं सगळं मीठ त्या दिवसांत आणून ओतलं. म्हणाला, आता दाणा भरायला पायजे. मग एके सकाळी राही पडवीत येऊन बघते तर काय! बनूच्या शेतात लोंब्या निसवल्या होत्या. वाडीत सर्वांच्या आधी. पांढऱ्याशुभ्र, सरळ उभ्या, शेतभर.

पिढ्यान् पिढ्या भात केलेल्या घरातली ती बाई. पांढरी उभी लोंबी म्हणजे काय, हे तिला कळायला नको? एखाद दुसरी तशी तिच्याही शेतात दर साली निघायची. पण बनूचं काही वाईट झालं असेल हे तिच्या डोक्यातच येईना. तिला एवढंच दिसलं की बनूचं आधी पिकलं. ती तरातरा आपल्या खाचरात उतरली, आणि आपल्याही शेतात पांढऱ्या लोंब्या बघून तिला हायसं वाटलं! खरंच वाटलं. हायसं वाटत असतानाच तिनं एक लोंबी हातात धरली. ती अलगद उपसून आली, जशी काही कुणी आधीच कापून ठेवली होती. दाणा दाबला, फोलपट. खालचा बुंधा चिरला, आत पोकळी आणि त्या पोकळीत एक फिक्कट अळी.

राहीनं दुसरी लोंबी ओढली, तीही तशीच उपसून आली. ओढ्यापलीकडून महिपतचा आरडाओरडा ऐकू येत होता.

श्रीधर दुसऱ्या दिवशी आला. त्यानं आधी बनूचं शेत पाहिलं, आणि मग सगळे मिळून बांध ओलांडून राहीच्या खाचरात आले. महिपत म्हणत होता की ही करणी आहे, कुणाच्या तरी डोळ्यांत आलं म्हणून झालं. बोलताना तो राहीकडं बघत होता.

"करणी नाही, खोडकिडा आहे," श्रीधर म्हणाला. "तो सगळ्याच वाडीत आहे. पण इथं त्याला मेजवानी मिळाली. एवढं खत एकदम दिलंत, पाला लुसलुशीत झाला, काडी मऊ राहिली. पाकोळीला अंडी घालायला असलंच गर्द पीक आवडतं, आणि अळीला पोखरायला असलीच काडी. राब-राखेनं काडी कणखर होते, तेही तुम्ही बंद केलंत." मग तो वाकला, राहीच्या चुड्यांवरून हात फिरवत पुढं गेला आणि थांबला. "पण इथंही तेच आहे. तुम्ही खत कधी दिलंत, राहीबाई?"

"आमी? नाय हो सायेब. आमी राबवाले."

"असं कसं? हे बघा, काळे चुडे आहेत तिथंच लोंब्या पांढऱ्या. आजूबाजूचे फिके चुडे बरे आहेत. हे मुठीनं टाकलेलं दिसतं आहे. ओलं टाकलंत का?"

सगळ्यांना दिसलं. एकदा सांगितल्यावर न दिसून कसं चालेल? राहीची प्रत्येक मूठ त्या खाचरात उमटली होती. ती बांधावरून कशी चालली, कुठं वळली, कुठं परत आली, सगळं. वाडीत मीठ एकाच घरात आलं होतं. महिपतचं तोंड उघडलं.

"मीच दिलं व्हतं तिला," बनू म्हणाली. "टोपलीभर. तुमी पोलादपूरला गेलावता तवा."

महिपतनं तोंड मिटलं. श्रीधरनं पुढच्या वर्षी काय करायचं ते समजावून सांगितलं आणि सायकल घेऊन गेला. राहीला बनूचे उपकार मानायला हवे होते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बनूचा जितका हेवा वाटला तितका लुगड्यांचा, कालवडीचा, गिरणीच्या पगाराचा कधी वाटला नव्हता. शेत गेलेलं असताना, चोर समोर उभा असताना ही बाई असं बोलू शकते, आणि आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं. हेही तिच्याचकडं असावं ना!

नवरात्र जवळ आलं. गावकरी शेतं बघत निघाले, पुढं म्हातारे सोनबा. बनूच्या शेताशी ते थांबलेच नाहीत. राहीच्या पुढच्या खाचरांशी थांबले आणि सोनबांनी जीभ टाळ्याला लावून चक् असा आवाज केला.

"यंदा नवं वरच्या आळीतनं घेऊ," ते म्हणाले. "इतक्या वर्षांचा मान, राहे. पन देवीच्या दारावर ही पोकळ पळंज कशी बांधू?"

मग मागून कुशाबा बोलला. त्याला चारचौघांत बोलताना वाडीनं क्वचितच ऐकलं असेल.

"मागलं खाचर बघितलं नाय तुमी," तो म्हणाला.

सगळे टेकाडाला वळसा घालून गेले. राही सर्वांत मागं होती. त्या खाचरात ती कितीतरी दिवसांत उतरली नव्हती. भात बेताच्या उंचीचं, पिवळं पडत आलेलं, काडी ताठ, आणि लोंब्या दाण्यांच्या भारानं खाली वाकलेल्या. एखाददुसरी पांढरी लोंबी होती. बाकी सगळं भरलेलं. त्यात राहीचा राब होता, राहीची राख होती, आणि दुसरं काहीच पडलेलं नव्हतं. सोनबांनी एक लोंबी तळहातावर तोलून पाहिली.

"हा घ्या," ते हसले. "देवीचं नवं हितंच लपलंवतं. इळा आन गो राहे. आनि बनूस हाक मारा कुणीतरी."

बनू करंडा घेऊन आली. चापूनचोपून नेसलेली, कपाळावर मोठं कुंकू, डोळे मात्र सुजलेले. घरात वर्षाचं भात नव्हतं. पुरुषमाणसं रीतीप्रमाणे बांधावर लांब उभी राहिली. खाचरात दोघीच उतरल्या. बनूनं करंड्यात बोट बुडवलं. राहीनं मान खाली घातली. वर्षभर ज्या क्षणासाठी ती जगायची तो हा क्षण, आणि तिला वाटत होतं धरणीनं पोटात घ्यावं.

"बने," ती कशीबशी म्हणाली, "ती टोपली मी..."

"ठावं हाय. मीठ सांडत गेलीस ती पार ओढ्यापत्तुर." बनूनं हळद लावली, मग कुंकू लावलं, आणि बोट लुगड्याला पुसत त्या भरलेल्या खाचराकडं बघितलं. एकदा मागं वळून टेकाडाकडं बघितलं, जिथं तिचं घर दिसायला हवं होतं. मग खालच्या आवाजात, बांधावर कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "माज्या अंगणातनं दिसत नाय तेवढंच तुजं पिकलं गो, राहे."

बांधावरून सोनबा ओरडले, काय गो, कापताय ना? राहीबाईनं विळा उचलला आणि पहिली लोंबी कापली.